वहिवाट

आमच्या गावात 'वरचा' हा शब्द पूर्वी कमीपणाचा होता. 'वरचे आलेत' असं कुणी म्हटलं तर ओटीवर बसलेलं माणूस उठत नसे. वर म्हणजे डोंगरावर, आणि डोंगरावर म्हणजे कातकरीवाडीत. लाकडाची मोळी, करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या आणि खेकडे घेऊन वरचे खाली येत, अंगणाच्या कडेला उभे राहत, मिळेल ते घेऊन परत जात. आज तोच शब्द गावातली पोरं वेगळ्या आवाजात उच्चारतात. 'वरच्यांकडे कामाला आहे', 'वरच्यांची गाडी आली', 'वरच्यांनी पाच हजार वर्गणी दिली'. चाळीसेक वर्षांत शब्द उलटा झाला. डोंगर तोच आहे, समुद्रही जिथल्या तिथे आहे.

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या या पट्टीला जुने लोक अष्टागर म्हणतात. समुद्राकडून निघालात की आधी वाळू, मग नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यांच्या सावलीत घरं, त्यामागे भाताची खाचरं आणि सगळ्यात शेवटी डोंगर. आमच्या पूर्वजांनी घरं खाली बांधली ती अडाणीपणाने नव्हे. खाली विहिरीला पंधरा-वीस हातांवर पाणी लागतं. खाली माडांचा आडोसा असतो, आणि आषाढातला वारा काय चीज आहे हे ज्याच्या घराची कौलं उडाली त्यालाच ठाऊक. शेत खाली, होडी खाली, देऊळ खाली. समुद्र बघायला डोंगरावर जावं, असं कुणाच्या मनातही येत नसे. त्याची गाज तर रात्रभर उशाशीच असायची. समुद्राकडे बघायचं ते वारा कुठला आहे, मासळीला जाता येईल का, हे ठरवायला.

डोंगराचा उपयोग वेगळा होता. सातबारावर त्या जमिनीला 'वरकस' म्हणतात. वरकस म्हणजे जिथं भात होत नाही ती उताराची जमीन. तिथं नाचणी-वरी करायची, गुरं चारायची, गवत कापायचं. उन्हाळ्यात राबासाठी टाहळ तोडायचा, खाली आणून शेण-गवताबरोबर शेतात भाजायचा, म्हणजे पावसाला रोपं जोमाने उठतात. भातशेती खाली असली तरी तिचं खत डोंगरावरून येत होतं. मालकी कुणाची का असेना, डोंगरावर पाऊल सगळ्यांचं पडे. पुढे रासायनिक खतं आली, राब कमी झाला, गुरं विकली गेली. डोंगराचं काम संपलं. आणि ज्या वस्तूचं घरात काम संपतं ती विकायला निघते, हे भांड्यांइतकंच जमिनीलाही लागू आहे.

डोंगरावर श्रीमंतही राहतात, हे मला लहानपणी मलबार हिलवर कळलं. माझा चुलता तिथं एका बंगल्यात माळी होता. एका मे महिन्यात मी पंधरा दिवस त्याच्या खोलीवर राहिलो. समुद्राकाठचा तो डोंगर बघून मी चक्रावून गेलो होतो. वर सावलीचे रस्ते, उंच फाटकं, फाटकाआड बागा. माणूस कुठंच दिसत नाही, दिसला तर तो ड्रायव्हर, माळी किंवा कुत्रा फिरवणारा गडी. चुलता सांगायचा, 'साहेब लोक हवेसाठी वर आले.' ते खरंच होतं. परळला राहणाऱ्या गव्हर्नरचा मुक्काम १८८५ च्या सुमारास मलबार पॉइंटवर कायमचा हलला, त्यामागे खालच्या वस्तीतली पटकी आणि कोंदट हवा हे एक कारण होतं. खालची हवा बिघडली की ज्याला परवडतं तो वर जातो.

पण त्याच डोंगराच्या पायथ्याला वाळकेश्वर आणि बाणगंगा आहे. समुद्र हाकेवर असून तळ्याला गोड्या पाण्याचा झरा. सभोवती देवळं, धर्मशाळा, एकमेकांना खेटून उभी राहिलेली घरं. पायऱ्यांवर बायकांची भांडणं आणि गप्पा दोन्ही एकाच वेळी चाललेल्या. एका डोंगरावर दोन तऱ्हेचे शेजार. चुलत्याने त्यांचा फरक एका वाक्यात सांगितला होता: 'वरती आग लागली तर शेजारी फोन करील, पन येनार नाय. खालती रोज भांडतील, पन कलशी घेऊन धावतील.' हे वाक्य मी बरीच वर्षं शाळेत मुलांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे, हे आमच्या गावचा डोंगर विकला गेल्यावर उमगलं.

डोंगर एका दिवसात विकला गेला नाही. आधी किनाऱ्यालगतच्या वाड्या गेल्या. मग १९९१ साली किनारा नियमनाचे नियम आले, भरतीच्या रेषेपासून अमुक अंतरात बांधकाम करायचं नाही असं झालं, आणि गिऱ्हाइकांची नजर डोंगराकडे वळली. वरून समुद्र दिसतो, नियमांचा जाचही कमी. कुळकायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची, पण कागदावर शेतकरी होणं ही आता एक विद्याच झाली आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट माणसं आणणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबई एका तासावर आली. आमचे आजोबा ज्या उताराची किंमत गवताच्या भाऱ्यांत मोजायचे, तिची किंमत 'समुद्र किती दिसतो' यावर ठरू लागली. अर्धा दिसला तर एक भाव, क्षितिजापर्यंत दिसला तर दुसरा. डोळ्यांना फुकट मिळणारी गोष्टही दराला बांधता येते, हे गावाला नवीन होतं.

आता डोंगरावर ओळीने बंगले आहेत. जांभ्या दगडाच्या उंच भिंती, निळं पाणी भरलेले तलाव, काचेची दारं. सोमवार ते गुरुवार तिथं राखणदार, माळी आणि कुत्री. शुक्रवारी रात्री दिवे लागतात, रविवारी संध्याकाळी विझतात. एका बंगल्याच्या शेठला पलीकडच्या बंगल्याच्या शेठचं नाव ठाऊक नसतं, राखणदारांना मात्र सगळ्यांची नावं, आजार आणि देणीघेणी पाठ. गंमत बघा, वरही शेजार आहेच, तो फक्त राखणदारांचा आहे.

यातल्या एका बंगल्याचे मालक माझ्या ओळखीचे झाले. माणूस भला. गावातल्या दोन मुलींची कॉलेजची फी भरतो. एकदा रात्री अडलेल्या बाईला स्वतः गाडी चालवत अलिबागला घेऊन गेला. मी एकदा त्यांना म्हटलं, 'शेठ, तुम्ही गावात कधी बसायला येत नाही.' ते हसले आणि म्हणाले, 'गुरुजी, माझा जन्म चाळीतला. भिंतीला भिंत. आमच्या घरात काय शिजतं ते शेजाऱ्यांना कळायचं, आईवडिलांचं भांडण अख्ख्या मजल्याला कळायचं. एकदा तरी असं घर असावं, की माझ्या घरात काय चाललंय ते कुणालाच कळू नये, एवढं एकच स्वप्न होतं. मी कुणाला त्रास देत नाही, कुणी मला देऊ नये. यात वाईट काय?'

या प्रश्नाला मी तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न खरा होता. त्यांच्याकडे कामाला जाणारी गावातली एक विधवा बाई हेच वेगळ्या शब्दांत सांगते. नवरा गेल्यावर तिने कोणती साडी नेसली, कुणाशी बोलली, कधी हसली, याचा हिशेब आळीने ठेवला. बंगल्यावर तिला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो आणि तिच्या साडीकडे कुणी बघत नाही. 'गुरुजी, वर मला मोकला श्वास येतो,' असं ती म्हणते. जो शेजार माणसाला एकटं पडू देत नाही, तोच त्याला एकटं राहूही देत नाही. आपण गावाकडच्या आठवणी लिहिणारे लोक पहिली बाजू भरभरून लिहितो आणि दुसरी गाळतो.

गावचा शेजार गरजेवर उभा होता, यात शंका नाही. विस्तव शेजारून आणायचा, लावणीला एकमेकांच्या शेतात उतरायचं, मढं उचलायला चार खांदे लागतातच. ज्याला कुणाची गरज लागत नाही असा माणूस गावात नव्हता, म्हणून सगळे एकमेकांचे शेजारी. पण त्या गरजेचं वर्तुळ कुठं संपत होतं तेही बघायला हवं. महाड आमच्याच जिल्ह्यातलं. १९२७ साली तिथं चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला. त्या तळ्याकाठचे लोकही एकमेकांचे चांगले शेजारीच असतील, कळशी घेऊन धावणारे. फक्त कळशी कुणासाठी धावायची आणि कुणासाठी नाही, हे आधी ठरलेलं होतं.

आमच्या गावात ते वर्तुळ डोंगराच्या पायथ्याशी संपत होतं. वाडीतला कातकरी आमच्या राबाची तोड करी, आमच्या आंब्यांची राखण करी, पाऊस संपला की बायकापोरांसह वीटभट्टीवर निघून जाई आणि पावसाआधी परत येई. त्याच्या हातांची गरज गावाला होती. पण 'आमचे शेजारी कोण' असं विचारलं असतं तर गावातल्या एकानेही डोंगराकडे बोट केलं नसतं. वाडीची पंधरा-सोळा खोपटी ज्या जागेवर होती ती जागा सातबाऱ्यावर गावातल्या शेतकऱ्यांची. कातकऱ्यांच्या पिढ्या तिथं जन्मल्या आणि मेल्या, कागदावर त्यांची जागा कधी झाली नाही.

ही आणखीच विचार करण्यासारखी गोष्ट आहे, कारण जमिनीचा हक्क म्हणजे काय हे या तालुक्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. चरीचा संप इथलाच. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या मागे खारेपाटातली गावं उभी राहिली, खोतांची शेतं कसायची नाहीत म्हणून सहा वर्षं उपाशी राहिली, लाकूडफाटा विकून जगली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं त्यामागे हा लढा होता. पुढे १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. 'पिढ्यान्पिढ्या आम्ही कसतोय, मग जमीन कागदवाल्याची कशी?' हा प्रश्न ज्यांच्या आजोबांनी खोताला विचारला, त्यांच्याच नातवांना तोच प्रश्न डोंगरावरून ऐकू आला नाही. मालक झालं की कानाची जागा बदलते की काय कोण जाणे.

या सगळ्याचा निकाल एका पायवाटेवर येऊन ठेपला आहे. वाडीवरून गावात उतरणारी एक वाट आहे. ती कुणी आखली नाही, कुणी बांधली नाही. पायांनी झाली. गुरं, मोळीवाल्या, शाळेची पोरं, वरच्या नाचणीच्या तुकड्यांकडे जाणारे शेतकरी असे सगळे तिच्यावरून गेले म्हणून ती वाट. मराठीत याला फार नेमका शब्द आहे, वहिवाट. वापराने झालेला हक्क. त्या वाटेच्या दोन्ही अंगांची जमीन विकली गेली आणि ज्या भल्या शेठचं मी वर सांगितलं, त्यांच्या नव्या भिंतीत ती वाट आली. नकाशात वाट नव्हतीच. इंजिनिअरने सरळ रेषेत भिंत घातली. वाडीला खाली यायला डांबरी रस्त्याने वळसा पडू लागला. एरवी पंधरा मिनिटांचं अंतर, आता पाऊण तास. धडधाकट माणूस कुरकुरत चालतो. पण आजारी माणसाला झोळीत घालून न्यायचं असेल तर ही अर्ध्या तासाची वाढ बारीक नसते.

शेठच्या कानावर मी हे घातलं तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं. आठ दिवसांत त्यांनी भिंतीत लोखंडी फाटक बसवलं. सकाळी सहाला राखणदार उघडतो, संध्याकाळी सातला लावतो. रात्री निकड असेल तर हाक मारायची, तो उठून उघडतो. अजून तरी त्याने कधी नाही म्हटलेलं नाही. गावात वाहवा झाली. 'एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःच्या जागेतून वाट दिली!'

वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजीला मी हे कौतुकाने सांगायला गेलो. ती चुलीत फुंकर घालत होती. मान वर न करता म्हणाली, 'गुरुजी, वाट त्यानं घातली का? मंग तो आमाला दील कशी?' थोडं थांबून म्हणाली, 'आन जो देतो तो उद्या घेनार नाय का?'

आजीला अक्षरओळख नाही. पण चांगुलपणा आणि हक्क यांतला फरक इतक्या थोडक्यात सांगितलेला मी दुसरीकडे ऐकला नाही. फाटकाने वाट परत मिळाली, वहिवाट मिळाली नाही. काल जी वाट चालताना कुणाकडे बघावं लागत नव्हतं, तीच वाट आता राखणदाराला नमस्कार करून चालावी लागते. शेठ भले आहेत, पण माणूस अमर नसतो आणि बंगले तर माणसाआधीच विकले जातात. पुढच्या मालकाला फाटक नको असलं तर? चांगुलपणा खरेदीखतात लिहिलेला नसतो.

'मी कुणाला त्रास देत नाही' या शेठच्या वाक्याला आता माझ्यापुरतं उत्तर सापडलं आहे. सपाटीवर ते वाक्य कदाचित चालेल, उतारावर चालत नाही. उतारावर जो वर राहतो त्याची प्रत्येक गोष्ट खाली येते. डोंगर कापून सपाटी केली की पहिल्या पावसात लाल गाळ खालच्या खाचरात उतरतो. त्याने कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं, पण गाळाला ते ठाऊक नसतं. तेव्हा आपल्या जगण्याची झळ ज्याला लागते तो आपला शेजारी. मग त्याचं नाव आपल्याला ठाऊक असो की नसो, त्याची आपल्याला गरज असो की नसो. एकांत हवा असणं हा गुन्हा नाही. चाळीतल्या मुलाला तो हवा, विधवा बाईलाही हवा. घरात कुणी डोकावू नये एवढी भिंत प्रत्येकाला मिळावी. पण घराची भिंत वेगळी आणि वाटेवरची भिंत वेगळी.

आणि शेजारधर्म म्हणजे काय? मदतीला धावणं हा त्याचा सोपा भाग. अवघड भाग असा, की दुसऱ्याला आपल्या चांगुलपणावर अवलंबून ठेवायचं नाही. 'गरज लागली तर हाक मार, मी आहे' हे म्हणायला गोड वाटतं. 'तुला हाक मारायची गरजच पडू नये अशी सोय कागदावर करून टाकतो' हे म्हणताना हात जड होतो, कारण तेव्हा देणाऱ्याचं मोठेपण संपतं.

मी शेठना तेच सुचवलं आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडली तर दाद मागायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, तो सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. पण भांडायला कशाला जायचं? ही वाट पूर्वीपासूनची आहे असा जबाब त्यांनी स्वतः तहसीलदारांपुढे द्यावा, तिची नोंद करून घ्यावी, म्हणजे फाटकाला कुलूप लावायचा अधिकार पुढच्या कुणालाच राहणार नाही. शेठ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'गुरुजी, मी कधी कुणाला अडवलंय का? मग कागद कशाला? बघू, वकिलांना विचारतो.'

याच महिन्यात ग्रामसभेत वाडीच्या घरांची गोष्ट निघाली. घराखालची जागा कातकऱ्यांच्या नावावर व्हावी, म्हणजे त्यांना घरकुल मिळेल, एवढंच मागणं. त्या जागांचे सातबारावाले गावकरी, चरीच्या संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेले, तावातावाने उठले. 'पिढ्यान्पिढ्या राहतायत, आम्ही कधी हाकललंय का त्यांना? मग नावावर कशाला पायजे?'

शब्दन् शब्द शेठचा. शेठ डोंगरावर बंगल्यात राहतात आणि हे खाली कौलारू घरात, पण सभेच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या वाडीतल्या माणसांना त्या रात्री वर कोण आणि खाली कोण, हे नीट दिसत होतं. ती काही बोलली नाहीत. सभा संपल्यावर उठली आणि डांबरी रस्त्याने वर निघाली, कारण सात केव्हाच वाजून गेले होते.